प्रश्न लिहितं कोण? नागपूर अधिवेशनाला महिला धोरणाची फेलोशिप जोडावी का?

लक्ष्मीनगरची_मास्तरीण (धागा सुरू)

मी एम.ए.ला राज्यशास्त्र शिकवते. हिवाळी अधिवेशनाच्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा अभ्यासवर्ग नागपूरच्या विधानभवनात भरतो, त्याला माझ्या दोन विद्यार्थिनी जाऊन आल्या. तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, आमदार सरकारला जाब विचारतात ते सगळे मार्ग नीट समजून घेऊन आल्या. आल्या आल्या एकीने विचारलं, "मॅडम, आमदार प्रश्न विचारतात ते पाहिलं. पण तो लिहितं कोण?"

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत बीडच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल विचारलं, तेव्हा तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांना सभागृहात सांगावं लागलं. मग समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. गावातल्या बायकांना हे आधीपासून ठाऊक होतं. सरकारच्या तोंडून आकडा यायला मात्र नेमक्या शब्दांत बांधलेला प्रश्न लागला.

अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'महिला आणि सार्वजनिक धोरण' याच विषयाची काँग्रेसमधली, म्हणजे तिथल्या संसदेतली, फेलोशिप १९८० पासून आहे. फेलो एखाद्या सदस्याच्या कचेरीत किंवा समितीत काही महिने काम करतात, मानधन मिळतं. आपल्या राज्याने १९९४ मध्ये देशातलं पहिलं महिला धोरण आणलं, चौथं २०२४ मध्ये आलं. पण २८८ जणांच्या विधानसभेत बायका पंचवीसही नाहीत. त्यांच्यामागे, आणि हे विषय मांडू पाहणाऱ्या पुरुष आमदारांमागेही, अभ्यास करून देणारं माणूस नको का?

आपल्याकडे अशा फेलोशिपची सुरुवात नागपुरातून, हिवाळी अधिवेशनाला जोडून व्हावी असं मला मनापासून वाटतं. जुलै १९४२ मध्ये इथेच दलित महिलांच्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी मागितली होती. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, अनसूयाबाई काळे मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या होत्या.

वर्धा_रोड

मॅडम, तळमळ कळते, पण मी विरोधात आहे.

नागपूरचं अधिवेशन असतं किती दिवसांचं? २०२४ चं १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवस. २०२० आणि २०२१ मध्ये तर इथे झालंच नाही. सहा दिवसांसाठी फेलोशिप?

दुसरं, योजना कमी आहेत का? खासदारांसोबत काम करायला पीआरएस या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे. तिथे निवड होते ती चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या, मोठ्या कॉलेजांतल्या मुलामुलींची. नवी योजनाही त्यांच्याच हाती जाईल.

आणि 'महिला धोरण' हे वेगळं खातं करण्यालाच माझा आक्षेप आहे. सिंचन, एसटी, रेशन, वीज यांत बाई नाही का? अभ्यासू मुलीला 'महिला'चा बिल्ला लावलात की अर्थसंकल्पाच्या चर्चेत तिला कोणी विचारणार नाही.

टेकडी_रोड_६२

मी आठ वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. पक्ष सांगत नाही. प्रश्न लिहितं कोण, याचं उत्तर माझ्याकडे आहे. बरेचदा मीच लिहायचो, रात्री, पेपरची कात्रणं समोर ठेवून. तेही अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी, कारण तारांकित प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते. म्हणून सहा दिवसांचा हिशेब चुकीचा आहे. काम असते ते आधीचं आणि नंतरचं.

पण मॅडम, पोरीला आमदाराच्या कचेरीत बसवाल तर ती तिसरी पीए होईल. सकाळपासून लोक बसून राहतात. कोणाले बदली पाहिजे, कोणाले मेडिकलमध्ये खाट, कोणाच्या पोराची अॅडमिशन. ते कामही खरंच आहे, मी कमी नाही लेखत. पण त्यात अभ्यास होत नाही. तिले आमदारापाशी काहून ठेवता? समितीपाशी ठेवा. विधिमंडळाची महिला व बालकांचे हक्क आणि कल्याण समिती आहे, ती वर्षभर बैठका घेते, जिल्ह्यांचे दौरे करते.

लक्ष्मीनगरची_मास्तरीण

दादा, हे मला सुचलं नव्हतं आणि पूर्ण पटलं. समितीशीच जोडावं.

@वर्धा_रोड, बिल्ल्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या विधानभवनात आल्या, तेव्हा कुठे तिथे हिरकणी कक्षाची, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीची, धावपळ झाली. इमारत दशकांपासून उभी आहे. आपोआप कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तर मुद्दाम तेच पाहणारं माणूस हवं. त्या मुलीने सिंचनाचे कागद जरूर वाचावेत, पण विहीर कोणाच्या नावावर आहे हे शोधत वाचावेत.

बायकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि कायदा झालंच नाही.

वर्धा_रोड

शक्तीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. ते केंद्रीय कायद्यांच्या मुद्द्यावर अडकलं. त्यावर संयुक्त समितीने वर्षभर काम केलं होतं, कायदेतज्ज्ञ होते. तिथे चोवीस वर्षांची फेलो काय करणार होती?

माझं म्हणणं एवढंच की पैसा जिथे बाई आधीच सत्तेत आहे तिथे घाला. स्थानिक स्वराज्य संस्थांत राज्यात निम्म्या जागा महिलांच्या आहेत. माझी मामी भंडारा जिल्ह्यात पाच वर्षं सरपंच होती. ग्रामनिधीचा हिशेब तिला कोणी बसून समजावला नाही, ग्रामसेवक सांगेल तिथे सही. तिच्यासोबत सहा महिने एक शिकलेली मुलगी असती तर गाव वेगळं दिसलं असतं. हे मी रागाने नाही, दुःखाने लिहितोय.

चिमूरची_एलएलबी

दोघांनाही सांगते, मी ती मुलगी आहे जिच्याबद्दल तुम्ही बोलताय. आई आशा वर्कर आहे. मोबदल्याचे कोणते पैसे किती महिने थकले हे तिच्या वहीत तारखेसकट आहे. मोर्चात ती यशवंत स्टेडियमपासून चालत आली आहे, पोलिसांनी अडवलं तिथे रस्त्यावर बसली आहे. त्या वहीतून प्रश्न कसा लिहायचा ते मला शिकायचंय.

पण मानधन जर खोलीभाडं आणि मेसमध्येच संपणार असेल, तर मी अर्ज करणार नाही, पुण्याचीच मुलगी करेल. म्हणून निवड परीक्षा मराठीत घ्या, वसतिगृहाची सोय करा आणि निम्मा काळ सरपंचबाईंसोबत काढायला लावा. मामींचा मुद्दा मला समितीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

वर्धा_रोड

निम्मा काळ गावात, हे लेखी असेल तर माझा विरोध निम्मा होतो. उरलेला निम्मा वेगळ्या बिल्ल्याला आहे, तो राहील.

टेकडी_रोड_६२

ताई, आईची वही जपून ठेव. आणि मॅडम, पहिल्या महिन्यात पोरींना भाषणं नका ऐकवू. मंत्री सभागृहात "करू" म्हणतात, ते नोंदून पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. तिचे जुने अहवाल काढा, बायकांबद्दलचं एकेक आश्वासन वहीत उतरवा, पुढे झालं का ते लिहा. जिथे रकाना रिकामा राहील, तिथूनच पुढच्या डिसेंबरचा प्रश्न निघते.