विषय: सासऱ्यांचा मोबाइल, महिन्याला ४७ पौंड

प्रेषक: स्लाऊकर

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या मेलमध्ये हे घुसडतेय, माफ करा. काल ह्यांचं बँकेचं स्टेटमेंट सहज चाळलं, तर बाबांच्या (माझे सासरे) मोबाइलचे महिन्याला ४७ पौंड जाताहेत! नोव्हेंबर २०२२ मध्ये हाय स्ट्रीटवरच्या दुकानातून फोनसकट दोन वर्षांचा करार केला होता, तेव्हा ३६ होते. बाबा फोनवर काय करतात? सकाळी डोंबिवलीच्या मित्रांना सुप्रभातची फुलं, दुपारी क्रिकेटचा स्कोअर, रात्री व्हॉट्सॲपवर आत्याशी गप्पा. सगळं घरच्या वायफायवर.

कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं सनई ऐकवली (सनई नव्हती, पण तसलंच काहीतरी) आणि शेवटी एक मुलगा म्हणाला, नवा फोन घ्या, पुन्हा २४ महिने, महिन्याला फक्त ४१. बंद करायची भीती वाटते, कारण बाबांचा हाच नंबर जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरांकडे) आहे, बँकेत आहे, एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) ॲपला आहे. नंबर गेला तर मेलोच. कुणी यातून गेलंय का?

---

प्रेषक: हॅरोकर काका

अगं, पहिलं वाक्य नीट वाच: जुनं कनेक्शन स्वतःहून बंद करू नकोस. बंद केलंस तर नंबर जाऊ शकतो. नंबर आधी हलवायचा, म्हणजे जुनं आपोआप बंद होतं.

आता बाबांच्याच फोनवरून 'इन्फो' (इंग्रजी अक्षरांत) असा मेसेज ८५०७५ ला पाठव. करार अजून चालू आहे का आणि सोडायला किती पैसे पडतील, ते उत्तरात येईल. तुझ्या तारखा बरोबर असतील तर मुदत नोव्हेंबर २०२४ मध्येच संपली. म्हणजे फोनची किंमत फिटून चौदा महिने झाले आणि तुम्ही हप्ता भरताच आहात. मालकाने म्हैस विकत घेतली, पैसे फेडले, तरी गवळी रतीबाबरोबर म्हशीचा हप्ता लावतोय, असा हा प्रकार.

३६ चे ४७ कसे झाले तेही सांगतो, कारण मी आमच्या बिलावर हा हिशेब केलाय. त्या काळच्या बहुतेक करारांत दर एप्रिलला 'महागाई अधिक ३.९ टक्के' असं कलम असायचं. २०२३ च्या एप्रिलला ते १४.४ टक्के झालं! १७ जानेवारी २०२५ पासूनच्या करारांत ऑफकॉमने (इथली दूरसंचार नियामक संस्था) हे बंद केलं. आता वाढ किती ते पौंड-पेन्समध्ये आधीच लिहून द्यावं लागतं. वाढ करता येते, फक्त लपवता येत नाही. नवा करार करणाऱ्यांनी तो आकडा वाचूनच सही करावी.

नंबर हलवायला पी-ए-सी ही तीन अक्षरं ६५०७५ ला पाठवायची. मिनिटाभरात एक कोड येतो, तो ३० दिवस चालतो. नवी सिम घरी आली की तो कोड नव्या कंपनीला द्यायचा. पुढच्या कामाच्या दिवशी नंबर हलतो. आपल्याकडे १९०० ला 'पोर्ट' असा मेसेज टाकतात ना, तेच हे. २०१९ च्या जुलैपासून ही सोय आहे. तेव्हापासून नंबर हलवल्यानंतरच्या दिवसांचे नोटीसचे पैसेही लावता येत नाहीत. त्या मुलाशी पुन्हा बोलायची गरजच नाही.

डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप बिल भरणं) मात्र शेवटचं बिल येईपर्यंत थांबवू नकोस. आमच्या ओळखीतल्या एकाने उत्साहात आधी थांबवलं आणि बारा पौंडांसाठी वसुलीवाल्यांची पत्रं आली.

---

प्रेषक: रेडिंगकर

काकांना अनुमोदन. ताई, कुठली सिम घ्यायची त्याबद्दल थोडं.

इथे मोबाइल कंपन्या पंचवीस-तीस दिसतात, पण स्वतःचे टॉवर असलेल्या चारच होत्या. त्यातल्या व्होडाफोन आणि थ्री २०२५ मध्ये एकत्र आल्या. बाकीच्या सगळ्या भाड्याच्या टॉवरवर. गिफगॅफ आणि टेस्को मोबाइल ओ२ च्या, लेबारा आणि व्हॉक्सी व्होडाफोनच्या, स्मार्टी थ्रीच्या. म्हणून 'स्वस्त कंपनी, रेंज नसेल' ही भीती अर्धीच खरी. तुमच्या घरात ज्या टॉवरची रेंज आहे, त्या टॉवरवरची स्वस्त सिम घ्यायची, बास. फुकट मिळणारी प्रीपेड सिम जुन्या हँडसेटमध्ये घालून आठवडाभर घरात फिरा. जिन्याखाली, स्वयंपाकघरात, बाबांच्या खोलीत. नकाशावर हिरवं दिसतं आणि स्वयंपाकघरात 'हॅलो हॅलो' करावं लागतं, हे आमच्या भाड्याच्या घरात मी दोन वर्षं भोगलंय.

बाबांचा वापर पाहता महिन्याची, कुठलाही करार नसलेली सिम आठ-दहा पौंडांत मिळेल. लेबाराच्या बऱ्याच प्लॅनमध्ये भारतात फोन करायची मिनिटं असतात. आत्या वायफायवर नसेल तेव्हा उपयोगी. सप्टेंबरला आलेल्या विद्यार्थ्यांनीही हीच महिन्याची सिम घ्यावी. इथली क्रेडिट हिस्टरी नसते, करार मागायला गेलं की नकार येतो आणि उगाच वाईट वाटतं.

फोन २०२२ चा आहे, म्हणजे लॉक (एकाच कंपनीची सिम चालेल असा) नसणार. डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे. दोन सिमची सोय असेल तर दुसऱ्या खाचेत बाबांची भारतातली सिम टाका, डोंबिवलीच्या बँकेचे ओटीपी तिथे येतील. फक्त तिच्यावर डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर ४७ परवडले म्हणाल.

आणि हो, 'तुमच्या कंपनीतून बोलतोय, ४० टक्के सवलत देतो, आलेला कोड सांगा' असा फोन आला तर ठेवून द्या. कंपनीतून स्वतःहून फोन करून कुणी कोड विचारत नाही.

---

प्रेषक: स्लाऊकर

काका, रेडिंगकर, दोघांनाही तिळगूळ!

८५०७५ चं उत्तर आलं: सोडायचे पैसे शून्य. बुधवारी कोड मागवला, तर अर्ध्या तासात त्याच कंपनीचा फोन, '९ पौंडांत देऊ का?' चौदा महिने ४४ नि ४७ घेतले, तेव्हा कुठे होतात, असं विचारलं. गप्प. गुरुवारी कोड नव्या कंपनीला दिला, शुक्रवारी दुपारी नंबर हलला. व्हॉट्सॲप जसंच्या तसं राहिलं. मधे तासभर सिग्नल गेला, तेवढ्यात बाबांनी दोनदा विचारलं, 'माझी फुलं गेली का गं?'

आता महिन्याला ९ पौंड. मागचा हिशेब केला तर पाचशेच्या वर जास्त गेलेत. ते परत मागता येतील का?

---

प्रेषक: हॅरोकर काका

लेखी तक्रार कर, पण आशा कमी ठेव. फेब्रुवारी २०२० पासून करार संपायच्या आधी ग्राहकाला कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. तसा मेसेज किंवा ईमेल आलाच नसेल तर तुझी बाजू भक्कम. आधी शोध.

---

प्रेषक: स्लाऊकर

शोधला. २०२४ च्या ऑक्टोबरचा आहे, ह्यांच्या जुन्या याहू खात्यात, न उघडलेला. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. बाबांनाही कुणी सांगू नका.