स्तनाचं इम्प्लांट स्नायूवर की ड्युअल प्लेन? आणि नंतरचे सहा आठवडे

रानजाई
दोन प्लास्टिक सर्जनना दाखवलं, दोन मतं निघाली. एक म्हणतात ग्रंथीखाली, म्हणजे स्नायूच्या वर ठेवू, दुखणं कमी. दुसरे म्हणतात ड्युअल प्लेनशिवाय नको, म्हणजे वरचा भाग स्नायूखाली, खालचा ग्रंथीखाली. मापं अशी: उंची १५८ सेंमी, वजन ४९ किलो, स्तनाची रुंदी १२ सेंमी, वरच्या भागात चिमटीत १.४ सेंमी, निपलपासून स्तनाखालच्या घडीपर्यंत ६ सेंमी. निपल घडीच्या वर आहे. अंगावर पाजणं थांबून दीड वर्ष झालं. गोल, गुळगुळीत सिलिकॉन जेल, २७५ ते ३२५ सीसी असं बोलणं चाललंय. आठवड्यातून चार दिवस जिम. घरात तीन वर्षांचं मूल, स्कूटी रोजची.
नेमकं कशावरून ठरवायचं, आणि कुठलं काम कधी सुरू करायचं?

टाकेदोरा
तुमच्या मापांत निर्णय देणारा आकडा १.४ आहे, बाकीचं नंतर. वरच्या भागातली कातडी आणि चरबी चिमटीत २ सेंमीपेक्षा कमी भरत असेल तर इम्प्लांटवर पांघरूण घालायला स्नायू लागतो. नाहीतर वरची कड उठून दिसते, पुढे वाकलं की बाजूला सुरकुत्या पडतात, आणि वजन दोन किलोंनी उतरलं की दोन्ही आणखी दिसायला लागतात. ग्रंथीखाली दुखतं कमी, हे खरंय. पण ते दुखणं चार-पाच दिवसांचं, कड कायमची.

ड्युअल प्लेन म्हणजे पूर्ण स्नायूखाली नव्हे, हा घोळ नेहमी होतो. छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, खालच्या घडीलगत बरगड्यांवरून सोडवतात आणि तो वर सरकतो. मग इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली येतो. पाजून झाल्यावर ग्रंथी सैल पडली असेल तर ग्रंथी आणि स्नायू यांची एकमेकांपासून सोडवणूकही थोडी वर न्यावी लागते. ती केली नाही तर इम्प्लांट वर अडकून राहतं आणि ग्रंथी त्यावरून खाली ओघळते. त्यामुळे दुसऱ्या सर्जनना 'ड्युअल प्लेन का' असं विचारू नका. 'टाइप एक, दोन की तीन, आणि माझ्यात तोच का' असं विचारा. ही सोडवणूक किती वर नेली त्यावरून टाइप ठरतो. उत्तरावरून बरंच कळतं.

आणखी एक विचारा: छातीच्या मधल्या हाडावरून स्नायू सोडवणार का? उत्तर 'नाही' असायला हवं. क्लीव्हेज जवळ यावं म्हणून तिथे कापत गेलं की दोन्ही इम्प्लांटसाठी केलेले खिसे मध्यभागी एक व्हायची भीती असते, आणि ते दुरुस्त करणं महाकर्मकठीण.

आता ड्युअल प्लेनची किंमत. स्नायू आवळला की स्तन वर आणि बाहेर खेचला जातो. पुशअप्स मारताना, जड शटर ढकलताना ते दिसतं. काहींना जाणवतही नाही, काहींना टाइट टॉपमध्ये खटकतं. चार दिवस जिम असेल तर हे आधी मनाशी ठरवा.

सीसीबद्दल: तो सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी व्यास. रुंदी १२ असेल तर इम्प्लांट त्याच्या आत, साधारण ११.५ सेंमी. त्या व्यासात जेवढे सीसी बसतील तेवढेच. रुंदीबाहेरचं इम्प्लांट काखेकडे हाताला लागतं. व्यास तोच ठेवून खूप उंच प्रोफाइल, म्हणजे पुढे जास्त फुगणारं, घेतलं तर ग्रंथीवर दाब येऊन ती पातळ होत जाते. जेलचं वजन साधारण एका सीसीला एक ग्रॅम, म्हणजे ३०० च्या जोडीचे ६०० ग्रॅम कातडीने आयुष्यभर धरायचे आहेत.

घरी अंदाज घ्यायचा तर नायलॉनच्या मोज्यात मापाच्या कपाने ३०० मिली तांदूळ भरा, गाठ मारा, सैल ब्रामध्ये ठेवून दिवसभर वावरा. स्नायूखाली तेच माप थोडं कमी दिसतं, तेवढं लक्षात ठेवा.

चीर खालच्या घडीतच घ्या, ४ ते ५ सेंमी. एरिओलाच्या, म्हणजे निपलभोवतीच्या गडद भागाच्या कडेने घेतली की चाकू दुधाच्या नळ्यांमधून जातो. तिथे जंतू असतातच. ते इम्प्लांटला चिकटले की भोवतीचं कवच घट्ट आवळायचा धोका वाढतो.

सूर्यफूल७
जिम एवढी असेल तर फेशियाखालच्या, म्हणजे स्नायूवरच्या पातळ पडद्याखालच्या जागेचा विचार का नाही? स्नायूला हात लागत नाही, म्हणजे तो खेचण्याचा प्रश्नच येत नाही.

टाकेदोरा
चिमटीत २.५ असते तर मीही तेच सुचवलं असतं. फेशियाची जाडी एक मिलिमीटरच्याही आत असते. १.४ वर ती काय पांघरूण घालणार? वरच्या कडेला स्वतःची चरबी भरून फेशियाखाली ठेवता येतं, पण ४९ किलोच्या अंगातून चरबी काढायची कुठून, हा प्रश्न आहेच. शिवाय भरलेल्या चरबीतली काही जिरून जाते.

ओटी_सिस्टर
जागेचं टाकेदोरा डॉक्टरांनी सांगितलंय, मी आधीचं आणि नंतरचं सांगते.

निकोटिन आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद. सिगारेट विचारली की बायका सरळ 'नाही' म्हणतात, पण मिश्री सांगत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. बारीक रक्तवाहिन्या आवळतात, टाक्यांच्या कडा काळ्या पडतात, जखम उघडते. गुटखा, निकोटिनचं च्युइंगगम, सगळं त्यात आलं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी द्या. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र आपल्या मनाने बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्याही सांगा, पायात गुठळी होण्याशी त्यांचा संबंध आहे.

पहिले दोन दिवस छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. ड्युअल प्लेनमध्ये ते जास्त, कारण ताणलेला स्नायू आखडतो. पाठीवर, दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा. उठताना हाताच्या तळव्यावर जोर देऊ नका, घरच्यांनी पाठीमागून हात द्यावा. संध्याकाळपासूनच घरात चाला. पुढून बटणं असलेले गाऊन आधीच काढून ठेवा, डोक्यावरून काही घालता येणार नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट गच्च होतं, इसबगोल जवळ असू द्या.

एक बाजू काही तासांत दुसरीपेक्षा भराभर मोठी, टणक, जांभळी झाली आणि दुखणं वाढत गेलं तर आत रक्त साठतंय. बहुतेक वेळा हे पहिल्या एक-दोन दिवसांतच होतं. सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री फोन करून निघायचं. नंतरच्या दिवसांत १००.४ च्या वर ताप, पसरणारा लाल चट्टा, टाक्यातून पाणी किंवा पू, पोटरी दुखून सुजणं, धाप लागणं, यांतलं काहीही झालं तरी तेच.

उगाच घाबरवणाऱ्या गोष्टीही सांगून ठेवते. हात हलवला की आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो. ती खिशात राहिलेली हवा, थोड्या आठवड्यांत जिरते. निपल बधिर असतं किंवा मध्येच विजेची चमक येते, नसा जाग्या होताना असंच होतं. स्तनाखालून पोटाकडे जाणारी सतारीच्या तारेसारखी ताठ, दुखरी शीर लागते. ती वरवरची शीर असते, बहुतेकींची काही आठवड्यांत आपोआप विरते. तरी पुढच्या भेटीत दाखवाच. इम्प्लांट सुरुवातीला वर चढलेलं दिसतं, खाली बसून आकार यायला तीन ते सहा महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात फोटो काढून तुलना करत बसू नका.

डिस्चार्जच्या वेळी फाइलमध्ये दोन्ही बाजूंचे स्टिकर हवेत: कंपनी, सीसी, लॉट नंबर, सिरीयल नंबर. पावतीइतकंच जपून ठेवा.

खांदा_सरळ
फिजिओथेरपीच्या बाजूने. जिमपेक्षा घरकामातच जास्त घोटाळे होतात.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत २ किलोच्या वर काही नाही. भरलेली १५ लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. नळाखाली ठेवून तांब्याने अंघोळ करा, बादली सरकवूही नका. पाच लिटरचा भरलेला कुकर, वर ठेवलेले डबे, कणीक मळणं हे तीन आठवडे दुसऱ्या कुणाकडे. कणीक मळताना नेमका पेक्टोरॅलिसच जोर लावतो, म्हणून ते तुम्हाला वाटतं तेवढं हलकं काम नाही. गॅस सिलिंडरला तर सहा आठवडे हात नको. मूल कडेवर घेणं चार ते सहा आठवड्यांनी, तेही सर्जननी होकार दिल्यावर. तोपर्यंत तुम्ही बसा, मुलाला मांडीवर चढू द्या.

स्कूटी दोन-तीन आठवड्यांनी, अचानक ब्रेक दाबून हँडल आवळताना दुखत नसेल तरच. मेन स्टँडवर लावणं सहा आठवड्यांनी, तोवर साइड स्टँड. लोकलच्या कडीला लटकणं, भर गर्दीत चढणं हेही सहा आठवडे टाळा. एखाद्या कोपराचा धक्का पुरतो.

मात्र हात छातीशी बांधूनही बसू नका, खांदा आखडतो. दुसऱ्या दिवसापासून खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश, दिवसातून तीन-चार वेळा. आठवड्याभरानंतर केस विंचरण्याएवढं वर. चालणं रोज. पायांचे व्यायाम तीन आठवड्यांनी, धावणं सहा आठवड्यांनी आणि चांगल्या स्पोर्ट्स ब्रामध्ये. पुशअप्स, बेंचप्रेस आठ ते बारा आठवड्यांआधी नाही. लवकर सुरू केलं तर स्नायू इम्प्लांटला खाली आणि बाहेर ढकलत राहतो. तार असलेली ब्रा सहा आठवडे बंद, ती नव्या घडीवर रुतते.

रानजाई
मसाज करायचा का? एक सर्जन हो म्हणाले. आणि दहा वर्षांनी बदलावंच लागतं का?

टाकेदोरा
मसाजवर एकमत नाही. गुळगुळीत इम्प्लांटला काही सर्जन सांगतात, काही नाही. ज्यांनी खिसा केला त्यांचंच ऐका. यूट्यूब बघून दाबू नका.

दहा वर्षांचा नियम नाही, पण आयुष्यभराची हमीही नाही. जेल आतल्या आत फुटलं तरी बाहेरून बरेचदा काहीच कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०२० पासून सांगितलंय की पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. हा खर्च आजच धरा, कॉस्मेटिक म्हणून विमा सहसा काही देत नाही.

तुमचं इम्प्लांट गुळगुळीत आहे ते बरंच. खरबरीत पृष्ठभागाशी एका दुर्मिळ लिंफोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा संबंध लागला आणि अ‍ॅलर्गन कंपनीने जुलै २०१९ मध्ये आपली खरबरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली. तरी एक वर्षानंतर कधीही एक बाजू अचानक सुजली तर सोनोग्राफी करून आतलं पाणी तपासायला पाठवायला सांगा, नुसत्या अँटिबायोटिकवर घरी येऊ नका. मॅमोग्राफीला गेलात की टेक्निशियनला आधीच सांगा. इम्प्लांट मागे ढकलून वेगळे फोटो घ्यावे लागतात.