बेनिनची पितळी शिल्पं: संग्रहालयांनी राखली की खरवडली?

ओतारी: १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचा राजवाडा लुटला, त्यावर खूप बोललं जातं. पुढे प्रयोगशाळांत अशा धातुशिल्पांचं काय होत आलं, त्यावर कोणी बोलत नाही. विसाव्या शतकातली रूढ रीत अशी: वस्तू कॅथोडला (विजेच्या ऋण टोकाला) जोडायची, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवायची, वीज सोडायची. गंजाचा हिरवा थर सुटतो. पण पुरलेल्या वस्तूच्या कोरीव रेषा त्या थरातच टिकलेल्या असतात, त्याही जातात. विरघळलेलं तांबं परत वर बसून गुलाबी झाक येते. ही पद्धत बंदच हवी.

गंजवेत्ता: असहमत. बेनिनचे फलक पुरलेले नव्हते, राजवाड्याच्या कोठारात धूळ खात होते. जमिनीतून निघाली ती नायजेरियातल्याच इग्बो-उक्वूची भांडी, तिथे तुमचा मुद्दा खरा. बेनिनमध्ये पितळ घासून लालसर, चकचकीत ठेवत. काही फलकांना काळपट मेण युरोपात फासलं गेलं. ते उतरवलं तर नुकसान कसलं? नायजर नदीकाठच्या तादा गावात तर तांब्याची बसलेली मूर्ती लोक वाळूनेच घासत. आपण देवघरातले देव चिंचेने उजळतोच की!

ओतारी: मेण कापसाच्या बोळ्याने, सौम्य द्रावकाने काढा, हरकत नाही. चिंच मात्र आम्ल. आम्लाने पितळातलं जस्त आधी विरघळतं, मागे सच्छिद्र तांबं उरतं. नक्षीच्या खाचांतली लाल मातीही धुपते. आणि पोकळ मस्तकांतला मातीचा गाभा? ओतताना भाजलेल्या त्या मातीवरूनच उष्मादीप्तीने (माती तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून तिच्यात साठलेला किरणांचा डोस मोजून) काळ ठरतो. 'स्वच्छ' म्हणून ती खरवडली की पुरावा संपला. नमुना घेण्याआधी एक्स-रे काढला तरी मातीतला किरणांचा डोस वाढतो आणि वय फुगतं.

दमटहवा: दोघंही क्लोराइड (धातूच्या थरात शिरलेला मिठासारखा क्षार) विसरलात. ते आत राहिलं तर दमट हवेत फिकट हिरवी पूड फुटत राहते, खड्डे पडतात. हात न लावता शिल्प वाचत नाही.

ओतारी: लावा, पण बेताने. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात महिनोन्‌महिने भिजवलं की क्लोराइडसोबत हिरव्या थरातलं तांबंही निघतं. त्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली पूड सुईने टिपा, गंज रोखणारं, इथेनॉलमधलं ३ टक्के बेंझोट्रायझोल लावा (हातमोजे घालूनच, ते विषारी आहे) आणि सिलिका जेल ठेवून पेटीतली आर्द्रता ४० टक्क्यांखाली आणा.

गंजवेत्ता: पद्धत मान्य. पण चकाकी किती ठेवायची हे संवर्धकाने एकट्याने का ठरवावं? बेनिन सिटीतल्या इगुन रस्त्यावर आजही ओतकाम चालतं, त्या कारागिरांना विचारा. २०२२ मध्ये जर्मनीने २० वस्तू नायजेरियाला परत दिल्या. अशा प्रत्येक वस्तूसोबत तिच्यावर कुठलं रसायन, कधी आणि किती वेळ वापरलं याची नोंदवहीसुद्धा जायला हवी.