शनिवारचा सिनेमा आणि गच्चीची चावी

ए-२०३: शनिवारी गच्चीवर मुलांना 'इप मॅन' कोणी दाखवला? आमच्या चिरंजीवांनी मॉपच्या काठीला माझी दोन लाटणी बांधून सकाळपासून त्यावर हात चालवलाय. मध्ये आली म्हणून धाकटीचा ओठ फुटला.

सी-१०१: गच्चीची चावी अजून परत आलेली नाही.

बी-४०४: वहिनी, मी दाखवला. धाकटी बरी आहे ना? पण त्यात नुसती मारामारी नाही हो. जपानी सैन्य चीनमधल्या फोशान शहरात शिरतं, इप मॅनचं घर जातं, तो कोळसा वाहतो. पोतंभर तांदळासाठी माणसं लढायला उतरतात. ते बघून माझ्या पोटात तुटतं.

ए-२०३: मुलांनी ठोसेच मोजले. वर 'सत्यकथा' म्हणून सांगितलंत!

बी-४०४: माणूस खराच ना. जन्म १८९३, वारला १९७२ ला. ब्रूस ली त्याच्याकडे विंग चुन, म्हणजे कुंग फूचाच एक प्रकार, शिकला.

डी-३०२: माणूस खरा, पण जपानी जनरल मिउरा रचलेला. दहा कराटेवाल्यांना एकट्याने लोळवणंही रचलेलं. इप मॅन फोशानला पोलिसात होता. सिनेमात तो युद्ध चालू असतानाच हाँगकाँगला निसटतो, खरं तर गेला कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर.

बी-२०२: काका, दहातला एक तरी खरा ठेवा 😄

सी-१०१: चावी. टाकी बघायला जाता येत नाही.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, चावीचा विषय मला वैयक्तिक मेसेजवर पाठवावा.

सी-१०१: वैयक्तिक का? गणपतीतही हेच झालं होतं, तेव्हा कोणाकडे निघाली ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-४०४: रोख माझ्यावर असेल तर नाव घेऊन बोला. चावी मी रविवारी सकाळीच वॉचमनकडे दिली.

डी-३०२: भांडू नका रे. याच युद्धात आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय ३२. आपल्या एकाही मुलाला हे नाव ठाऊक नाही. पुढच्या शनिवारी मला अर्धा तास द्या, मी सांगतो.

ए-२०३: काका, नक्की सांगा. दोघांनाही पाठवते.

सी-१०१: कुठे सांगणार? गच्चीला कुलूप आहे.

ए-२०३: दादा, चावी सापडली. लाटणी सोडवताना दिसली, काठीलाच सुतळीने बांधली होती. वॉचमनकडून यानेच मागून नेली होती, रोज गच्चीवर सराव करायला. माफ करा. आत्ता त्यालाच घेऊन येते तुमच्याकडे.

सी-१०१: या. धाकटीलाही आणा, बर्फ आहे फ्रीजमध्ये.