पणजोबा गावात कधी आले, काय केलं, याचे कागद कुठे मिळतील?

परळकर_चाकरमानी:
नमस्कार मंडळी. राहायला परळला, गाव देवगड तालुक्यात. पणजोबा दुसऱ्या गावाहून येऊन आमच्या वाडीत राहिले. आधी कूळ होते, मग जमीन नावावर झाली. वाडीची विहीर त्यांनी खणवली, शाळेला जागा दिली असं सगळे सांगतात. मे महिन्यात वाडीची पूजा असते, तेव्हा त्यांच्यावर 8 पानी पुस्तिका काढायची आहे. हाताशी आजचा सातबारा आणि भिंतीवरचा एक फोटो. ‘कष्टाळू, प्रेमळ, परोपकारी’ यापलीकडे लिहायला काही सापडेल का? गावी चार दिवस काढता येतील.

फेरफार_वाचक:
सापडेल, पण अर्धं काम मुंबईतच उरकून निघा. सातबाऱ्यावर फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) क्रमांक असतात, ते सगळे वहीत उतरवून घ्या. त्यातला सर्वांत जुना तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचा. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि फेरफार क्रमांक लिहा. ‘पणजोबांची माहिती मिळावी’ एवढंच लिहिलंत तर कारकून तरी काय शोधणार? एक फेरफार हाती लागला की त्यात बहुधा आधीच्या नोंदीचा धागा मिळतो. वारस नोंद असेल तर मयत कधी झाले आणि मागे कोण कोण, हे एकाच ठिकाणी कळतं.

आडनावावर विसंबू नका, जुन्या नोंदीत ते नसतंच कित्येकदा. ‘गोविंद बिन रामा’ म्हणजे रामाचा मुलगा गोविंद, ‘सावित्री कोम गोविंद’ म्हणजे गोविंदाची बायको. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. इथे हमखास घोळ होतो. थोरल्याचं नाव पाहून ‘सगळी जमीन याने कमावली’ असं लिहून मोकळे होतात आणि पूजेच्या दिवशी बाकीच्या भावांची नातवंडं भांडायला उभी राहतात. हिस्सा आणे-पैत असेल तर हिशेब करून बघा. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे 192 पै. ‘2 आणे 8 पै’ म्हणजे 32 पै, सहावा हिस्सा. वाटणी बहुधा सहा जणांत झाली असणार. सहा नावं जुळली नाहीत तर कोणी राहिलंय का ते बघा. त्या काळच्या वारस नोंदींत मुली बहुतेक गाळलेल्या असतात, तेव्हा पणजोबांच्या बहिणी आणि मुली घरच्या माणसांकडूनच लिहून घ्या.

कूळ होते म्हणालात, तर खरा ऐवज कूळकायद्याच्या कलम 32-ग च्या फाइलीत आहे. 1948 च्या या कायद्याखाली 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं तो दिवस. त्यानंतर शेतजमीन न्यायाधिकरणाने कुळाचे आणि मालकाचे जबाब घेऊन जमिनीची किंमत ठरवली. पैसे भरले की 32-म चं खरेदी प्रमाणपत्र. जबाबात जमीन केव्हापासून कसतो, खंड (मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) किती देतो हे विचारलेलं असतं. मालक विधवा, अज्ञान (वयाने लहान) किंवा सैन्यात असेल तर प्रकरण पुढे ढकललं जायचं, म्हणून 1957 सालीच शोधून हात हलवत परत येऊ नका. पणजोबा तोवर वारले असतील तर फाइल आजोबांच्या नावे पाहा.

शेरेबुक:
शाळेच्या जागेचा कागद नसण्याचीच शक्यता जास्त, पुष्कळ जागा तोंडी दिल्या गेल्या. बक्षीसपत्र झालं असेल तर फेरफारात तसा शब्द येईल. शाळेत जनरल रजिस्टर (मुलांच्या दाखल्यांची नोंदवही) आणि शेरेबुक (तपासणीचे शेरे लिहितात ती वही) मागा, मुख्याध्यापकांना आधी अर्ज देऊन. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ‘इमारत ग्रामस्थांनी बांधून दिली’ असं लिहिलं असेल तर त्याच ओळीचा फोटो पुस्तिकेत छापा.

विहिरीसाठी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना. दुसऱ्यांचा पाणी-हिस्सा तिथे लागला असेल तर विहीर वाडीला खुली केल्याचं कागदावर आलं. काठाला शिलालेख असेल तर दुपारी फोटो काढू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, नाहीतर अंधार पडल्यावर बाजूने बॅटरी मारा. खडू, तेल काही लावायचं नाही. शके असेल तर चैत्र ते मार्गशीर्ष 78 मिळवा, माघ-फाल्गुनाला 79. पौष मात्र डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत जातो, तिथी पंचांगात बघून ठरवा.

बैठकीची_खोली:
परळमध्ये राहता आणि इथलंच विसरलात! मुंबईत गावकऱ्यांचं ग्रामविकास मंडळ असेल तर त्याच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या काढा. विहिरीचा गाळ, देवळाची कौलं, कोणी किती वर्गणी दिली, सगळं तारखेनिशी मिळेल. मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयात परिशिष्ट-1 च्या (मंडळाच्या नोंदणीच्या उताऱ्याच्या) नकलेवर विश्वस्तांची नावं असतात.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका, चुकीचं सांगतील आणि ठासून सांगतील. विचारा, रामदास बोट बुडाली (17 जुलै 1947) तेव्हा विहीर होती का? कोयनेच्या भूकंपात (11 डिसेंबर 1967) शाळा कुठे भरायची? आधी एकेकट्याशी बोला. चौघे एकत्र बसले की मोठ्या आवाजाचं खरं ठरतं.

परळकर_चाकरमानी:
खूप आभार. मृत्यूची तारीख फेरफारात नसली तर? आणि कागद मोडीत निघाला तर?

फेरफार_वाचक:
गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. त्यात जन्म-मृत्यू असतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसून नुसतं ‘मुलगा’ असतं, तिथे बापाचं नाव आणि तारीख धरून चाला. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला, त्यामुळे देवगडला नाही मिळालं तर रत्नागिरीलाही विचारा. मोडीसाठी काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, तिथे जाणकाराची चौकशी करा. पानाचा फोटो सरळ वरून, चारही कडा दिसतील असा काढा. मोडीत ओळ कापली गेली की पुढचं नाव लागत नाही.