मदत हवी आहे: सिक्युरिटी एक्स्टेन्शन अचानक नवी परवानगी मागतंय. देऊ का?

घाईघाईत
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. ब्राउझरमध्ये दोनेक वर्षांपासून एक सिक्युरिटीचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे. शोधनिकालांत लिंकच्या शेजारी हिरवी किंवा लाल खूण दाखवतं, बाकी त्याचा काही त्रास नाही. आज सकाळी बघते तर ते आपोआप बंद झालेलं. सूचना अशी की अपडेट आलाय आणि आता त्याला 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी हवी. दिली तर चालू होईल, नाहीतर काढून टाका म्हणतंय.

देऊ की नको? संध्याकाळपर्यंत एक काम पूर्ण करून पाठवायचंय आणि याच्याशिवाय लिंका उघडायला भीती वाटते. जाणकारांनी लवकर प्रकाश टाकावा.

कळफलक
ब्राउझर कोणता? एक्स्टेन्शनचं नाव काय? स्वतः टाकलं होतं की कशाबरोबर आलं? मशीन घरचं की ऑफिसचं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

बिनपगारी
देऊन टाका हो. सगळीच एक्स्टेन्शनं हे मागतात. पान तपासायचं तर पान वाचावं लागणारच ना? डॉक्टरला नाडी दाखवायची नाही आणि औषध मात्र द्या म्हणायचं! मी स्वतः पाच सिक्युरिटी एक्स्टेन्शनं वापरतो, आजवर काही झालेलं नाही.

जुनं_खोड
बिनपगारी, काही झालं नाही हे तुम्हाला कळणार कसं? तुमची भेट दिलेल्या पानांची यादी कुणी विकली तर संगणकातून धूर येत नाही.

वेब ऑफ ट्रस्ट आठवतंय का कुणाला? नावातच विश्वास. साइट विश्वासू आहे की नाही ते सांगायचं, अगदी अशाच रंगीत खुणा. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीच्या एनडीआर वाहिनीच्या पत्रकारांनी दाखवलं की त्याच्या वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा इतिहास बाजारात मिळतोय, आणि त्यातून माणसं ओळखूही येतायत. मोझिला (फायरफॉक्सवाले) आणि गूगल, दोघांनी ते आपापल्या एक्स्टेन्शनच्या दुकानातून काढलं. काही काळाने ते सुधारित रूपात परतलं, तो भाग वेगळा. मी तेव्हा ते चार नातेवाइकांच्या संगणकांवर स्वतःच्या हाताने बसवून दिलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं.

घाईघाईत
क्रोम. विंडोज. घरचा लॅपटॉप. नाव इथे टाकत नाही, उगाच धागा त्या नावावरच घसरेल. चार पूर्णांक सहा तारे आहेत आणि 'फीचर्ड'ची खूण पण आहे. म्हणजे गूगलने तपासलंय ना? हो किंवा नाही एवढंच सांगा प्लीज.

कळफलक
मग 'नाही'.

कारण सांगतो. पूर्वी त्याला फक्त शोधनिकालांचं पान दिसत होतं, आता मेल, बँक, सगळंच बघायला मागतंय. काम तेच राहिलं आणि भूक वाढली, तर आधी विचारायचं की भूक कुणाला लागली. तारे आणि फीचर्डची खूण यांतून एवढंच कळतं की कधीतरी ते नीटनेटकं दिसत होतं. आज आलेल्या अपडेटमधली प्रत्येक ओळ कुणी वाचली, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय मालक बदलला तरी क्रोम तुम्हाला कळवत नाही. छंद म्हणून लिहिणाऱ्या माणसाला एक दिवस मेल येतो, 'तुमचं एक्स्टेन्शन विकत घेऊ का?' तो थकलेला असतो, विकून टाकतो. घेणाऱ्याला कोडमध्ये रस नसतो, तुमच्यासारख्या लाखभर लोकांच्या ब्राउझरमध्ये आयती मिळालेली जागा हवी असते.

म्हणून आता दोन गोष्टी बघा. दुकानाच्या पानावर सगळ्यात खाली डेव्हलपरचं नाव आणि गोपनीयता धोरणाचा दुवा असतो. टाकलं तेव्हा तेच नाव होतं का? आणि धोरणात 'भागीदारांना अनामिक डेटा' असं काही आहे का?

मुक्तस्रोत
एवढा काथ्याकूट कशाला? ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना वाचता येईल असं, असेल तर ठेवा, नसेल तर काढा. कोड उघडा नाही म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे. विषय संपला.

जुनं_खोड
संपला कसा? न वापरलेले टॅब झोपवणारं द ग्रेट सस्पेंडर हे एक्स्टेन्शन ओपन सोर्सच होतं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याच्या हवाली केलं. पुढे दुकानातून लोकांकडे जी आवृत्ती गेली तिच्यात असा कोड होता जो गिटहबवर, म्हणजे उघडा कोड ठेवला होता त्या साइटवर, नव्हताच. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं, तोवर वीस लाखांच्या आसपास लोक वापरत होते. उघडा कोड ठेवलाय एका जागी आणि तुमच्या घरी येतंय भलतंच पॅकेज!

मुक्तस्रोत
पण तो फरक लोकांना दिसला कशामुळे? उघडा कोड समोर होता म्हणूनच ना! बंद असतं तर आजही चालू असतं. आणि फायरफॉक्सवर 'शिफारस केलेलं' अशी खूण असलेल्या एक्स्टेन्शनचा प्रत्येक अपडेट माणसं तपासतात. क्रोम सोडा, हाच खरा उपाय.

बिनपगारी
आलं फायरफॉक्स. आता लिनक्स टाका म्हणणारेही येतील.

शुद्धलेखक
मूळ प्रश्नाबद्दल मला कळत नाही, पण 'एक्स्टेन्शनं' हे अनेकवचन कानाला फार टोचतं. 'विस्तारक' हा सुटसुटीत शब्द आहे. विस्तारक, विस्तारकाने, विस्तारकांना. कुठलंही रूप अडत नाही.

जुनं_खोड
विस्तारक म्हटल्यावर डोळ्यांना लावायचं काहीतरी वाटतं.

अर्धविराम
अवांतराबद्दल क्षमस्व. माझं जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन मध्यंतरी क्रोममधून गायब झालं. ते पण असंच काही निघालं का?

कळफलक
@अर्धविराम, नाही. त्यात काही काळंबेरं सापडलं नाही. क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत, मॅनिफेस्ट व्ही२, बंद केली आणि ते त्या पद्धतीवर चालायचं. त्याच लेखकाचं यूब्लॉक ओरिजिन लाइट नव्या पद्धतीवर आहे, ताकद थोडी कमी. फक्त नाव पूर्ण वाचून घ्या. नुसतं 'यूब्लॉक' नावाचं वेगळं एक्स्टेन्शन आहे, त्याचे मालक वेगळे. नावाच्या गोंधळात भले भले फसतात. २०१७ मध्ये अ‍ॅडब्लॉक प्लसच्या नावाचं चक्क बनावट एक्स्टेन्शन क्रोमच्या दुकानात होतं आणि हजारो लोकांनी ते घेतलं.

बिनपगारी
म्हणून मी मोठ्या कंपन्यांचीच वापरतो. अँटिव्हायरसवाल्यांची. त्यांना नाव जपायचं असतं.

जुनं_खोड
अवास्ट. २०१९ च्या शेवटी त्यांची एक्स्टेन्शनं मोझिलाने यादीतून काढली, कारण उघडलेल्या प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता सर्व्हरकडे जात होता. त्यांची जंपशॉट नावाची उपकंपनी ब्राउझिंगचा डेटा विकायची, ती जानेवारी २०२० मध्ये बंद केली. अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये त्यांना एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरायला लावले. आणखी मोठी कंपनी हवी का?

बिनपगारी
काका, तुम्ही प्रत्येक वेळी खिशातून एक किस्सा काढता. अशाने माणसाने संगणकच लावू नये.

मुक्तस्रोत
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

घाईघाईत
बघितलं. डेव्हलपरचं नाव आधी काय होतं ते कसं आठवणार? पण जुन्या ईमेलमध्ये मी कुणाला तरी त्याची लिंक आणि स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यात वेगळं नाव दिसतंय. आता तिथे कुठल्याशा 'मीडिया' कंपनीचं नाव आहे आणि धोरणाची लिंक उघडत नाही. काढून टाकलं बाई एकदाचं.

दुसऱ्या एकाला 'काढून टाका' हे बटणच नाहीये, त्याचं बघू नंतर. आता फक्त सांगा की याच्या जागी कोणतं टाकू.

कळफलक
थांबा थांबा. दुसरं कोणतं? बटण नाही म्हणजे काय?

घाईघाईत
अहो, यादीत अजून एक आहे, 'सेफ सर्च' की काहीतरी. ते काढायचं बटण फिकट आहे, दाबलं जात नाही. तीन डॉटच्या मेनूत खाली 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' असं येतं. ते पहिल्यापासूनच आहे. मला वाटलं क्रोमचंच असेल.

कळफलक
ताई, हे आधी सांगायचं! पहिल्यापेक्षा हे गंभीर आहे. घरच्या लॅपटॉपला संस्था कुठून आली? ऑफिसात आयटीवाले पॉलिसी (ब्राउझरवर लादायचे नियम) लावून एक्स्टेन्शन सक्तीने बसवतात, ती रीतसर सोय आहे. तीच सोय आगंतुक प्रोग्रामही वापरतात, म्हणजे तुम्हाला ते काढताच येऊ नये. अशा एक्स्टेन्शनला परवानगी विचारावीही लागत नाही, ती आपोआप मिळते. ज्याने विचारलं त्याच्यावर आपण सकाळपासून बोलतोय, आणि न विचारता बसलेला मजेत आहे.

पत्त्याच्या जागी क्रोम://पॉलिसी टाका (अर्थात इंग्रजीत). तिथे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' (सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनची यादी) अशी ओळ आहे का? आणि हे यायच्या सुमारास कुठला फुकटा प्रोग्राम टाकला होता का? आठवा.

बिनपगारी
घाबरवू नका त्यांना. काही अँटिव्हायरसही पॉलिसी लावतात, मग तीच ओळ येते.

कळफलक
लावतात, मान्य. म्हणूनच तर आधी पॉलिसीचं पान बघायला सांगितलं. अँटिव्हायरस तुमच्यावर 'सेफ सर्च' लादून काढायचं बटण बंद करत असेल, तर तोही मला घरात नको.

घाईघाईत
ती ओळ आहे! खाली अक्षरांचा एक लांबलचक गुंता आहे, तोच त्या सेफ सर्चचा आयडी. मागे पीडीएफ बदलायचा एक फुकट प्रोग्राम घेतला होता. तेव्हापासूनच असेल का?

कळफलक
बहुतेक. आता क्रम पाळा. आधी नेट बंद. कंट्रोल पॅनेलमधून तो पीडीएफवाला प्रोग्राम काढा. टास्क शेड्युलरमध्ये (प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) त्याच्या नावाचं किंवा विचित्र नावाचं काही आहे का ते बघा, असेल तर पुसा. मग रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज साठतात ती जागा) सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जाऊन फोर्सलिस्टमधली ती नोंद काढा. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर माहीतगाराला शेजारी बसवा. दुसरं काही चुकून पुसलंत तर वेगळीच डोकेदुखी.

हे झाल्यावर पासवर्ड बदला, पण दुसऱ्या उपकरणावरून. आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' करा. हे लोक विसरतात. अशा एक्स्टेन्शनच्या हाती लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदी) लागू शकतात, आणि कुकी चोरली की चोराला तुमचा पासवर्डच काय, ओटीपीही लागत नाही.

जुनं_खोड
याला दुजोरा. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या कंपनीचं एक्स्टेन्शन असंच बाधलं. बरं, कंपनी डेटा गळती रोखण्याचंच काम करणारी! एका कर्मचाऱ्याला दुकानाकडून आल्यासारखा खोटा मेल आला, त्याने परवानगी दिली, आणि ऐन नाताळात चोरांनी आपली आवृत्ती चढवली. सुमारे चार लाख वापरकर्ते होते. डोळा कुकीजवरच. मालक विकाऊ नव्हता, हेतू चांगला होता, तरी झालं.

बिनपगारी
हं. माझ्या पाचांतली तीन काढली. दोन कशासाठी टाकली होती तेच आठवेना.

शुद्धलेखक
तीन *विस्तारक* काढले.

घाईघाईत
अपडेट: पहिल्यांदा नोंद पुसली तर संगणक परत सुरू केल्यावर हजर! टास्क शेड्युलरमध्ये त्या पीडीएफवाल्याचंच काम लावलेलं होतं, दर लॉगिनला चालणारं. ते आधी काढलं, मग नोंद, आता दोनदा रीस्टार्ट करून पाहिलं, गेलंय. संस्थेची ओळही गेली. पासवर्ड भावाच्या फोनवरून बदलतेय, अर्धे झालेत. काम अर्थातच आज जाणार नाही, तसं कळवलंय.

पण माझा प्रश्न राहिलाच. लिंक बरी की वाईट हे सांगणारं आता काय टाकू?

कळफलक
काहीच नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये सेफ ब्राउझिंग (धोकादायक साइटचा इशारा देणारी सोय) चालू आहे का तेवढं बघा. साध्या संरक्षणात ते तुमचा पूर्ण पत्ता पाठवत नाही. पत्त्याचा हॅश (पत्त्यावरून काढलेला सांकेतिक ठसा) काढून त्याचा सुरुवातीचा तुकडा तेवढा विचारतं, आणि तोही मधल्या सर्व्हरमार्फत. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर असेल तर तसंच काम करणारं स्मार्टस्क्रीन आहे. साइट सुरक्षित जोडणीने उघडायला लावणारं एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर तर ते काढणाऱ्या ईएफएफ या संस्थेने स्वतःच निवृत्त केलं, कारण ती सोय ब्राउझरांतच आली. हिरव्या खुणा दिसणार नाहीत, त्याची सवय करून घ्या.

मुक्तस्रोत
आणि यूब्लॉक ओरिजिन. फायरफॉक्सवर.

घाईघाईत
बरं. सगळ्यांचे आभार. धाग्याचं शीर्षक बदलता येतं का? प्रश्न भलताच विचारला होता मी.

अर्धविराम
माझ्याकडे पण ती संस्थेची ओळ आहे आत्ता बघितलं तर. लॅपटॉप ऑफिसने दिलेला आहे. काढू का?

कळफलक
नको!! आयटीवाल्यांना विचारा.