वस्तीवर की वस्तीत? आणि ‘फार्महाऊस’ नको असेल तर काय लिहायचं?

तीन रविवार झाले, एका शब्दावर गाडी अडकलीय म्हणून विचारतोय. घरची जुनी माहिती लिहून काढायला घेतलीय, कुलवृत्तांत वगैरे जड नाव देत नाही, दर रविवारी एक पान लिहायचं, आत्याला फोनवर वाचून दाखवायचं आणि तिने चुका काढायच्या, एवढाच प्रकार. आमच्या हेळव्याच्या (गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याच्या) वहीत सात पिढ्यांची नावं आहेत पण घराबद्दल एक अक्षर नाही, म्हणून म्हटलं ते तरी आपण लिहू.

तर आमचं घर गावात नव्हतं, जत तालुक्यात गावापासून दोन-अडीच मैल रानात. दोन खणांचं माळवद, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, पुढं पत्र्याचा सोपा, एका अंगाला गोठा, मागं कडब्याची गंज. मी सरळ लिहिलं ‘आमचं फार्महाऊस’. आत्या म्हणाली, “फारमहौस पुण्याच्या लोकांचं आस्तंय, त्येनी हिरीत न्हाई पवत, निळ्या टाकीत पवत्यात.” मग बदलून ‘आम्ही वस्तीत राहायचो’ केलं तर भाचीचा मेसेज आला, मामा तुम्ही झोपडपट्टीत राहायचात का, आधी कधी सांगितलं नाही! आणि आत्याचं परत वेगळंच, “वस्तीत न्हाई, वस्तीवर.” आता हे ‘वर’ कुठनं आलं? तुमच्याकडे अशा घराला काय म्हणतात?

प्रतिसाद: आमच्या परभणी-हिंगोलीकडे आखाडा. कुस्तीचा नाही, शेतातला. गुरं, कडबा, अवजारं सगळं तिथंच आणि राखणीला एक जण कायम. आम्ही पण ‘आखाड्यावर’च म्हणतो, ‘आखाड्यात’ म्हटलं की ते कुस्तीचं झालं. पेपरात ‘आखाड्यावर झोपलेल्या शेतकऱ्याला साप चावला’ अशी बातमी येते तेव्हा पुण्यातला मित्र विचारतो पैलवान होता का.

प्रतिसाद: सिंधुदुर्गात मांगर, गोव्यातही चालतो हा शब्द. पण मांगरात माणसं सहसा कायमची राहत नाहीत, गवत, गुरं आणि नांगर-जोत ठेवायची जागा. आणि आम्ही ‘मांगरात’ म्हणतो, ‘मांगरावर’ म्हणजे छपरावर चढलास की काय! वाडी म्हणाल तर ती आमच्याकडे गावाचा एक भाग, एकटं घर नाही.

प्रतिसाद: वाडीचं असं आहे की अमरावतीकडे या, इथे वाडी म्हणजे संत्र्याची बाग. शेताला वावर म्हणतो. तुमच्या पानात वाडी लिहू नका, तीन जिल्ह्यांत तीन अर्थ होतील.

प्रतिसाद: ‘वर’चं मला असं वाटतं. वस्ती म्हणजे मुळात घर नाहीच, मुक्काम. ‘वस्तीची एसटी’ म्हणतो ना आपण, रात्री गावात थांबून पहाटे निघणारी, तोच अर्थ. पीक राखायला रात्री रानात कोणीतरी झोपायचं, म्हणून ‘आज वस्तीला कोण?’ असं विचारायचे. जिथं कामासाठी जायचं तिथं आपण ‘वर’च लावतो, कामावर, मोटेवर, विहिरीवर. मांगर ही नुसती इमारत, म्हणून तिथं ‘त’. शहरातल्या वस्तीत मात्र माणसं दाटीनं राहतात, तिथं ‘त’ बरोबरच आहे. म्हणजे भाचीचीही चूक नाही.

प्रतिसाद: सातबारा बघितला का? तिथं अजून मजा. शेतातलं घर किंवा खळं असलेली जागा पोटखराब्यात धरतात, पोटखराबा ‘अ’, म्हणजे लागवडीला अयोग्य. रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक वापराच्या जागा ‘ब’ मध्ये. तुमचं लहानपण सरकारदरबारी पोटखराबा अ आहे 😄

धागाकर्ता: पोटखराब्याचं वाचून आत्या पाच मिनिटं हसत होती, मग एकदम गंभीर होऊन म्हणाली ही नोंद पानात घाल, आणि उतारा काढून आण.

आणि मुक्कामाचा मुद्दा तिला बिनतोड पटला. तिने सांगितलेलं जसंच्या तसं देतो, “आदी दादाच जायचं वस्तीला, घोंगडं न् कंदील घिऊन, सकाळी न्ह्यारीला परत गावात. मग हिरीला पाणी लागलं. त्या साली आईनं जातं बैलगाडीत घातलं आन म्हनली आता मीबी येते.” दादा म्हणजे माझे आजोबा. मी साल विचारलं तर म्हणे तिसरीत होते, मग म्हणे भूकंपाच्या लई आदी. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा, तेव्हा माळवदाची माती तिच्या अंथरुणावर पडली होती आणि ते अंथरूण वस्तीवरचं होतं. तिसरी आणि भूकंप जुळवून १९६० च्या आसपासचं धरतोय. म्हणजे गावातलं घर कधी सुटलं ते सातबारा सांगत नाही, हेळवी सांगत नाही, जात्यावरनं कळलं.

ते जातं अजून आहे, वरची तळी फुटलीय, खालचीवर आता चपला धुतात.

प्रतिसाद: दोन खण म्हणजे काय पण? टेबलाचा खण की खण-नारळातला खण?

धागाकर्ता: दोन्ही नाही. माळवदाच्या दोन तुळयांमधली मोकळी जागा म्हणजे एक खण. घर केवढं ते असंच सांगायचे, पाच खणी, सात खणी, जुन्या खरेदीखतातही सापडतं. पण एक खण किती फूट ते घरागणिक वेगळं, त्यामुळं चौरस फुटात बदलायच्या भानगडीत पडलो नाही.

तर शेवटी ‘वस्तीवर’ कायम केलंय, आणि भाचीसाठी खाली एक ओळ की झोपडपट्टी नव्हती. काल अकरावं पान वाचून दाखवलं, पहिलंच वाक्य होतं ‘आजी वस्तीवर राहायला गेली’. आत्यानं तिथंच थांबवलं.

“गेली कसं? मी दादांच्या संगं आदल्या रातीच आलेली, जातं उतरवायला मीच हुभी हुते. आली म्हण.”